गिनी पिगच्या मूत्राशयातील खडे : कारणे आणि बंदोबस्त

गिनी पिग पाळणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची एक गोष्ट आहे. पिंजऱ्यात अंथरलेल्या गडद कापडावर या प्राण्याने लघवी केली, की ती वाळल्यावर त्या जागी पांढरट डाग उरतो आणि बोटाने घासला असता त्याची बारीक भुकटी निघते. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लघवीचा असा डाग पडत नाही, मनुष्याच्या लघवीचाही पडत नाही. म्हणून हा प्राणी नुकताच घरी आणलेल्या मनुष्यास हे रोगाचे चिन्ह असावे अशी शंका येते, आणि ती दूर करण्यासाठी त्याला सांगण्यात येते की या जातीत हे स्वाभाविकच आहे. उत्तर खरे आहे, परंतु ते अर्धेच आहे. कारण ज्याने हा डाग स्वाभाविक मानून वर्षानुवर्षे नजरेआड केला, त्याच्याच घरी एके दिवशी तो प्राणी पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसलेला आढळतो, लघवी करताना चिरक्या आवाजात ओरडतो, कापडावर रक्ताचा ठिपका दिसतो आणि क्ष-किरणांच्या चित्रात मूत्राशयात वाटाण्याएवढा खडा स्पष्ट उमटतो. तो खडा आणि तो निरुपद्रवी पांढरा डाग हे बहुधा एकाच पदार्थाचे बनलेले असतात.

एकच पदार्थ एका प्राण्यात भुकटी होऊन सुखरूप बाहेर पडतो आणि दुसऱ्यात दगड होऊन आतच का राहतो, हे कोडे उलगडले म्हणजे या विकाराचा बंदोबस्त कसा करावा हेही बव्हंशी उलगडते. एखाद्या विशिष्ट भाजीला दोषी ठरवून ती बंद करावी आणि निश्चिंत व्हावे, अशी या विकाराची प्रकृती नाही. जादा कॅल्शियम मूत्रावाटे टाकून देण्याची या प्राण्याच्या शरीराची जी जन्मजात रीत आहे तिच्यातच या दुखण्याचे बीज आहे. आणि मूत्र दाट होऊन मूत्राशयात साचू लागले, की ते बीज अंकुरते. म्हणून मूत्र पातळ राहील आणि वाहते राहील अशी तजवीज करणे, हेच या विकाराच्या प्रतिबंधाचे मुख्य सूत्र होय.

गवताळ प्रदेशातील प्राणी पिंजऱ्यात

गिनी पिग हा डुकराच्या कुळातला नाही आणि गिनी देशातलाही नाही. उंदीर, खार, साळिंदर ज्या कृंतक गणात मोडतात, त्याच गणातला हा प्राणी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातला आहे. तेथील लोकांनी काही सहस्र वर्षांपूर्वी मांसासाठी तो माणसाळवला. पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर या देशांत आजही तो त्याच हेतूने घरोघरी पाळला जातो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात पोहोचला आणि तेथून एक शांत, निरुपद्रवी घरगुती प्राणी म्हणून जगभर पसरला. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारणतः ७०० ते १२०० ग्रॅम भरते आणि नीट सांभाळ झाल्यास तो पाच ते आठ वर्षे जगतो.

त्याच्या रानटी पूर्वजांचे अन्न म्हणजे ताजे गवत, आणि ताज्या गवतात वजनाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते. असे गवत दिवसभर चरणाऱ्या प्राण्याला अन्नाबरोबर पाणीही आपोआप मिळते आणि त्याचे मूत्र पातळ राहते. पिंजऱ्यातील प्राण्याची स्थिती निराळी आहे. त्याच्यापुढे येणारे वाळलेले गवत आणि कारखान्यात तयार झालेले गोळीखाद्य या दोहोंत पाण्याचा अंश वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. जे पाणी पूर्वी अन्नातून मिळत असे, ते आता बाटलीतून किंवा वाटीतून मुद्दाम प्यावे लागते. तेवढे पाणी हा प्राणी पितोच असे नाही. चरत, धावत, लपत दिवस काढणारे हे शरीर पिंजऱ्यात बराच काळ एका जागी बसून राहते. मूत्र त्यामुळे अधिक वेळ तुंबते आणि जड कण तळाशी बसण्यास अवसर मिळतो.

कॅल्शियमची निराळी वाट

मनुष्य, कुत्रा, मांजर इत्यादी बहुतेक सस्तन प्राण्यांत आतड्यातून किती कॅल्शियम रक्तात घ्यायचे, याचे नियंत्रण 'ड' जीवनसत्त्वापासून शरीरात तयार होणाऱ्या एका संप्रेरकाकडे असते. रक्तातले कॅल्शियम कमी पडू लागले, की हे संप्रेरक वाढते आणि आतडे अधिक कॅल्शियम शोषू लागते. रक्तात ते पुरेसे असले, की शोषण मंदावते आणि अन्नातले उरलेले कॅल्शियम विष्ठेबरोबर निघून जाते. अर्थात नको असलेले कॅल्शियम शरीराच्या अंतर्भागात प्रवेशच करीत नाही.

गिनी पिगमध्ये, आणि सशामध्येही, हा निर्बंध फारच शिथिल आहे. अन्नात जेवढे कॅल्शियम अधिक, तेवढे ते रक्तात अधिक शिरते. शरीराला त्याची आवश्यकता आहे की नाही, याची पुरेशी चौकशी आतड्याच्या पातळीवर होत नाही. मग रक्तात आलेला जादा भाग बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर येऊन पडते आणि ते तो मूत्रात सोडून देतात. अन्य प्राण्यांत जो पदार्थ मुख्यतः विष्ठेच्या वाटेने जातो, तो येथे मुख्यतः मूत्राच्या वाटेने जातो.

याला दुसऱ्या एका गोष्टीची जोड मिळते. वनस्पतींवर जगणाऱ्या प्राण्यांचे मूत्र अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणधर्माचे, असते. आम्लता मोजण्याच्या मापात ७ हा आकडा उदासीनता दाखवतो, त्याखालचे आकडे आम्लता आणि वरचे आकडे अल्कता दाखवतात. गिनी पिगच्या मूत्राचा आकडा सामान्यतः ८ ते ९ यांच्या दरम्यान येतो. अशा अल्कधर्मी द्रवात कार्बोनेटाचा अंश भरपूर असतो. तेथे कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची गाठ पडली, की कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. चुनखडीचा दगड आणि शिंपले ज्याचे बनलेले असतात तो हाच पदार्थ. पाण्यात तो फारच थोडा विरघळतो. म्हणून निरोगी गिनी पिगचे मूत्रही किंचित गढूळ दिसते आणि वाळल्यावर पांढरी भुकटी मागे ठेवते. तो डाग म्हणजे जादा कॅल्शियम ठरल्या वाटेने बाहेर पडल्याचा दाखलाच होय.

भुकटीचा खडा कसा होतो

ज्या घरांत क्षारयुक्त विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरात आहे, तेथील बंब उघडून पाहिला असता त्याच्या आतल्या अंगावर पांढरा, टणक थर चढलेला दिसतो. पाणी स्वच्छ दिसत असले तरी त्यात विरघळलेला चुना तापण्याने आणि आटण्याने बाहेर पडतो. पहिला पातळ थर बसला, की त्याच्या खडबडीत पृष्ठावर पुढचा थर अधिक सुलभपणे बसतो. आणि बंब वेळच्या वेळी धुतला नाही, तर तो थर खरवडूनही निघत नाही. हा थर प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटाचाच असतो. मूत्राशयात उष्णता देणारे कोणी नाही, परंतु द्रव दाट होणे, एका जागी थांबणे आणि आधीच्या कणावर नवा पदार्थ चढणे या तिन्ही क्रिया तेथेही त्याच क्रमाने घडतात.

पहिली पायरी संपृक्ततेची. मूत्रात पाणी कमी आणि कॅल्शियम अधिक झाले, की द्रवाला जेवढा पदार्थ धारण करता येतो त्याहून अधिक त्यात भरला जातो आणि जादा पदार्थ सूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने वेगळा होतो. हे स्फटिक लागलीच बाहेर पडले तर काही बिघडत नाही. दुसरी पायरी साचण्याची. गिनी पिगचे शरीर आडवे असते आणि मूत्राशयाचा तळ पोटाच्या बाजूस झुकलेला असतो. प्राणी हालचाल करीत नसला आणि मूत्राशय पूर्ण रिता होत नसला, तर जड कण त्या तळाशी बसतात आणि वरचे पातळ मूत्र तेवढे निघून जाते. कालांतराने तेथे ओल्या चुन्याप्रमाणे दाट गाळ जमतो. मूत्राशयात गाळ साठण्याचा विकार म्हणतात तो हाच. तिसरी पायरी दगडाची. एखाद्या कणाभोवती, झडलेल्या पेशींच्या पुंजक्याभोवती किंवा जंतुसंसर्गामुळे तयार झालेल्या चिकट पदार्थाभोवती कॅल्शियम कार्बोनेटाचे थरावर थर चढत जातात आणि खडा तयार होतो.

हे खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे असावेत असा समज पूर्वी बराच प्रचलित होता. परंतु काढलेल्या खड्यांची प्रयोगशाळेत छाननी झाली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य खडे कॅल्शियम कार्बोनेटाचे निघाले. उपचाराच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे. कारण मांजरांतील काही प्रकारचे खडे विशिष्ट आहाराने विरघळविता येतात, तसा कोणताही खात्रीचा आहार किंवा औषध गिनी पिगमधील या खड्यांसाठी उपलब्ध नाही.

मादीचे दुखणे, नराचे दुखणे

मादीचा मूत्रमार्ग आखूड असून त्याचे तोंड गुदद्वाराच्या अगदी जवळ उघडते. अंथरूण ओले आणि मलिन राहिले, तर विष्ठेतील जंतू त्या वाटेने वर चढून मूत्राशयाचा दाह उत्पन्न करतात. त्यामुळे अशा दाहाचे प्रमाण माद्यांत अधिक असते. दुसऱ्या पक्षी हा मार्ग आखूड असल्यामुळेच मादीत लहानसा खडा कित्येकदा आपोआप बाहेर पडतो, किंवा भूल देऊन पशुवैद्याला तो त्याच वाटेने काढता येतो. नराचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असल्याने तेथे बारीक खडाही वाटेत अडकू शकतो आणि लघवी पूर्णपणे बंद होऊ शकते.

संसर्ग आणि खडा हे परस्परांस पोषक ठरतात. खड्याच्या घर्षणाने मूत्राशयाचे आतले अस्तर सोलवटते आणि तेथे जंतूंना आश्रय मिळतो. जंतूंमुळे झालेल्या दाहाचे अवशेष नव्या खड्याला पाया पुरवतात. म्हणून एकाचा तपास करताना दुसऱ्याचाही करावा लागतो. केवळ प्रतिजैविक दिल्याने चार दिवस बरे वाटते आणि औषध थांबताच रक्त पुन्हा दिसू लागते, तेव्हा त्यामागे बहुधा न पाहिलेला खडा असतो.

कोणती चिन्हे गंभीर मानावीत

गिनी पिग हा शिकारी प्राण्यांचे भक्ष्य ठरणारा जीव आहे आणि अशा जीवांत दुखणे लपविण्याची प्रवृत्ती प्रबळ असते. तो उघडपणे आजारी दिसू लागतो, त्याच्या कितीतरी आधी दुखणे सुरू झालेले असते. म्हणून लहान चिन्हांकडे लक्ष देण्यावाचून गत्यंतर नाही. अशी चिन्हे म्हणजे लघवी करताना मागचा भाग उचलून जोर करणे आणि त्याच वेळी बारीक, तीव्र आवाज काढणे. वारंवार थोडीथोडी लघवी होणे. मागचा भाग सतत ओला राहून तेथील केस पिवळे पडणे आणि त्वचा लाल होणे. पाठ कमानीसारखी करून, अंगावरचे केस फुलवून बसणे. आणि अन्नावरची वासना कमी होणे.

रोज पाहता येण्याजोगी सर्वांत उपयुक्त गोष्ट मात्र तो पांढरा डागच आहे. वाळलेला डाग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेऊन चोळावा. पिठासारखा मऊ लागला, तर काळजीचे कारण नाही. बारीक रव्यासारखे कण बोटांना टोचले, डाग जाड आणि खरखरीत झाला, किंवा ओली लघवीच दाट पांढऱ्या लेपाप्रमाणे पडू लागली, तर मूत्राशयात गाळ साठत असल्याची ती सूचना समजावी.

लाल लघवी प्रत्येक वेळी रक्ताचीच असते असे नाही. काही वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळे, तसेच प्राण्याच्या मूत्रातच असणाऱ्या द्रव्यांमुळे ती नारिंगी किंवा तांबूस दिसू शकते. उलटपक्षी, वयस्क मादीत गर्भाशयाचा रक्तस्राव लघवीबरोबर मिसळून येतो आणि मूत्राशयाचे दुखणे असल्याचा भास होतो. यांपैकी खरे कारण कोणते, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी यांनीच ते ठरते.

लघवी पूर्णपणे थांबणे ही मात्र तातडीची आपत्ती होय. प्राणी पुनःपुन्हा जोर करतो आणि थेंबही पडत नाही, पोट ताठ लागते, तो निपचित होत जातो. अशा वेळी रक्तातील दूषित द्रव्ये आणि पोटॅशियम वाढून हृदयाची क्रिया बंद पडू शकते. हे काम सकाळपर्यंत लांबणीवर टाकण्यासारखे नसते. त्याच घटकेला पशुवैद्य गाठला पाहिजे.

निदान आणि उपचार

कॅल्शियमचे खडे क्ष-किरणांना अडवतात, त्यामुळे क्ष-किरणांच्या चित्रात ते ठळक पांढरे दिसतात. खडा मूत्राशयात आहे, मूत्रमार्गात आहे, मूत्रपिंडात आहे की मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नलिकेत आहे, यावर पुढचा निर्णय अवलंबून असल्याने हे चित्र काढल्यावाचून केलेला उपचार अंधारात केल्यासारखा होतो. सोनोग्राफीने गाळ आणि गर्भाशयाचे विकार कळतात. लघवीच्या संवर्धनाने, म्हणजे त्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्याने, कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे समजते.

नुसता गाळ असेल, तर त्वचेखाली किंवा शिरेतून द्रव देऊन लघवीचे प्रमाण वाढविणे आणि आवश्यक तर भूल देऊन मूत्राशय धुऊन काढणे हा मार्ग असतो. मूत्राशयात मोठा खडा असेल, तर पोट उघडून मूत्राशयाला छेद देऊन तो काढावा लागतो. एवढ्या लहान प्राण्यात भूल देणे जोखमीचे असते हे खरे, परंतु या जातीचा अनुभव असलेल्या पशुवैद्याच्या हातून ही शस्त्रक्रिया यशस्वी होते, आणि खडा तसाच राहू देण्यात जोखीम कमी नसते. शस्त्रक्रियेपूर्वी मनुष्याप्रमाणे या प्राण्याला रात्रभर उपाशी ठेवण्याची चूक करू नये. गिनी पिगला वांती होत नाही, त्यामुळे दीर्घ उपवासाचे कारण नाही. उलट त्याचे आतडे सतत अन्न पुढे सरकत राहण्यावरच चालते आणि काही तास रिते राहिले तरी मंदावू लागते. शस्त्रक्रियेनंतर तो स्वतः खाईपर्यंत पाण्यात कालवलेली गवताची पूड सुई नसलेल्या सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडीथोडी भरवणे, हा उपचाराचा अविभाज्य भाग मानावा. वेदनाशामक औषधाची हयगय करू नये. दुखत असता हा प्राणी खात नाही, आणि खाल्ले नाही तर मूळ दुखण्यापेक्षा उपासमारच आधी जीव घेते.

प्रतिजैविकांबाबत एक गोष्ट येथे निक्षून सांगितली पाहिजे. मनुष्यांना सर्रास दिली जाणारी पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन ही औषधे, तसेच क्लिंडामायसिन आणि एरिथ्रोमायसिन, तोंडावाटे दिली असता गिनी पिगला प्राणघातक ठरू शकतात. गवतातील तंतू पचविण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीत राहणारे उपयुक्त जंतू करतात. ही औषधे त्यांचाच संहार करतात, मग विषारी जंतूंची बेसुमार वाढ होते आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. म्हणून घरातल्या कपाटातले उरलेले औषध कमी मात्रेत देऊन पाहू, असा विचार मनातही आणू नये. ट्रायमेथोप्रिम आणि सल्फा यांचे मिश्रण किंवा एनरोफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे या प्राण्यात त्या मानाने सुरक्षित समजली जातात. तथापि त्यांची निवड आणि मात्रा ठरविणे हा पशुवैद्याचाच अधिकार आहे.

आहाराचा बंदोबस्त

आहाराचा विचार करताना दोन टोके टाळावी लागतात. एका टोकाला कॅल्शियमयुक्त खाद्याचा भडिमार, तर दुसऱ्या टोकाला कॅल्शियमच्या धास्तीने केलेली सर्व हिरव्या पाल्याची बंदी. दात आयुष्यभर वाढत राहणाऱ्या या प्राण्याला कॅल्शियम लागतेच; वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला तर ते अधिक लागते. शिवाय हिरवा पाला बंद केला म्हणजे त्याबरोबर येणारे पाणीही बंद होते आणि मूत्र अधिकच दाट होते, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात येत नाही.

आहाराचा पाया वाळलेल्या गवताचा असावा आणि ते अहोरात्र हवे तेवढे उपलब्ध असावे. टिमथीसारख्या गवतात कॅल्शियम कोरड्या वजनाच्या साधारण अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी असते. लसूणघासात ते एक टक्क्याच्या वर जाते. म्हणून लसूणघास पिलांना आणि गाभण मादीला द्यावा, प्रौढ प्राण्याला नित्य देऊ नये. बाजारातील पुष्कळशा गोळीखाद्याचा मुख्य घटक लसूणघासच असतो. पुडक्यावरील घटकांची यादी वाचून गवतापासून केलेले खाद्य निवडावे आणि तेही प्रौढ प्राण्यास दिवसाला दीड-दोन चमच्यांहून अधिक देऊ नये. कीटकनाशक न फवारलेली, स्वच्छ धुतलेली हरळी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळते; तिच्यासारखे पाणीदार आणि स्वाभाविक अन्न दुसरे नाही.

भाज्यांमध्ये कॅल्शियमचा फरक मोठा आहे. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तर काकडीत तेवढ्याच वजनात ते २० मिलिग्रॅमच्या आत असते. शेवगा, राजगिरा, मेथी यांचा पाला ज्या प्राण्याला एकदा खडा झाला आहे त्याला देऊ नये. निरोगी प्राण्यालाही क्वचितच द्यावा. पालक आणि चुका यांत ऑक्झॅलेटाचा अंश जास्त असल्यामुळे त्याही रोजच्या भाज्या नव्हेत. कोथिंबीर थोडी आणि आलटूनपालटून चालते. ढोबळी मिरची, काकडी आणि सॅलडची पाने, कोबीसारखी घट्ट गुंडाळलेली जात वगळून, नित्य देण्यास योग्य होत. भाजी धुऊन पाणी न निथळता तशीच ओली ठेवली, तर तेवढेच पाणी अधिक पोटात जाते. चाटण्यासाठी टांगण्याचे क्षारांचे दगड आणि कॅल्शियमच्या वड्या यांची या प्राण्याला गरज नाही. त्या घरात आणूच नयेत.

'क' जीवनसत्त्वाची आवश्यकता

मनुष्याप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. ते तयार करणाऱ्या साखळीतले शेवटचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, दोघांतही कार्यक्षम नसते. १९०७ साली नॉर्वेतील ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रलिक या संशोधकांनी केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगमध्ये स्कर्व्ही हा रोग उत्पन्न करून दाखविला, आणि या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट त्यातून मोकळी झाली. हे जीवनसत्त्व कमी पडले, की ऊतींना बळकटी देणारे तंतू दुर्बल होतात, रक्तवाहिन्या लवकर फुटतात आणि संसर्गाला तोंड देण्याची शक्ती खालावते. दाह पावलेल्या मूत्राशयाला याचा फटका अधिक बसतो.

प्रौढ प्राण्याला वजनाच्या किलोमागे दररोज १० ते ३० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते. ढोबळी मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये ते ८० ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास असल्याने रोज तिची एक लांबट फोड दिल्यास गरजेचा बराच भाग भागतो. पेरूत ते याहून अधिक असते, परंतु साखरही असल्यामुळे बिया काढलेली लहानशी फोड आठवड्यातून एकदोनदाच द्यावी. पिण्याच्या पाण्यात या जीवनसत्त्वाचे थेंब टाकण्याची पद्धत सोडून द्यावी. ते पाण्यात लवकर नष्ट होते, आणि पाण्याची चव बदलल्यामुळे प्राणी पाणीच कमी पितो. जेथे अधिक पाणी पोटात जावे हाच सर्व खटाटोपाचा हेतू आहे, तेथे ही पद्धत उलटा परिणाम करते.

पाणी, हालचाल आणि स्वच्छता

निरोगी प्राणी दिवसाला वजनाच्या किलोमागे सुमारे १०० मिलिलिटर पाणी पितो. ओल्या भाज्या खात असल्यास काही कमी. बाटली वापरात असेल, तर तिच्या नळीच्या टोकाशी असलेला धातूचा गोळा रोज बोटाने दाबून पाहावा. तोंडातले गोळीखाद्याचे कण पाणी पिताना त्या नळीत शिरतात, गोळा अडकतो आणि बाटली भरलेली दिसत असताही तिच्यातून थेंब येत नाही. बाटलीखेरीज मातीची किंवा चिनीमातीची जड, उथळ वाटीही ठेवावी. पुष्कळसे प्राणी वाटीतून अधिक पाणी पितात. मात्र ते पाणी दिवसातून दोनदा बदलावे.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. थंड हवेच्या पर्वतप्रदेशातल्या या प्राण्याला २८ ते ३० अंशांपलीकडची उष्णता त्रासदायक होते. विदर्भ-मराठवाड्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या पलीकडे जातो, तेव्हा तहानलेल्या प्राण्याच्या शरीरातले पाणी कमी होते आणि मूत्र दाटत जाते. पिंजरा पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीपाशी न ठेवता घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा, आणि दुपारच्या वेळी काकडीचे दोन काप अवश्य द्यावेत.

दररोज काही तास मोकळ्या जागेत धावण्याची सोय झाली, की तळाशी बसू पाहणारा गाळ ढवळला जातो आणि लघवीही अधिक वेळा होते. लठ्ठ प्राणी कमी हलतो आणि त्याचा मागचा भाग सदैव ओला राहतो, म्हणून वजनावर अंकुश ठेवणे हाही याच बंदोबस्ताचा भाग आहे. ओले अंथरूण रोज काढावे आणि संपूर्ण पिंजरा आठवड्यातून किमान एकदा धुवावा. तळाशी चिकटलेला पांढरा थर साध्या पाण्याने निघत नाही; पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून लावले असता तो विरघळतो, कारण कॅल्शियम कार्बोनेट आम्लात टिकत नाही. मात्र प्राण्याच्या अन्नात किंवा पाण्यात आम्ल घालून खडा विरघळवू पाहणे घातक आहे. ते मूत्राशयात त्या रूपाने पोहोचत नाही आणि पोटाचे नुकसान तेवढे होते.

सारांश

> • वाळलेल्या लघवीचा मऊ, पिठासारखा पांढरा डाग स्वाभाविक. रवाळ, खरखरीत डाग ही गाळाची सूचना.
> • गवत अहोरात्र, गोळीखाद्य थोडे, पाणीदार भाज्या रोज; लसूणघास आणि शेवग्याचा पाला प्रौढास नित्य नको.
> • 'क' जीवनसत्त्व भाजीतून द्यावे, पिण्याच्या पाण्यातून नव्हे.
> • ताजे पाणी, रोजची धावपळ, कोरडे अंथरूण.
> • लघवीत रक्त, लघवीच्या वेळी ओरडणे, अन्न सोडणे : त्याच दिवशी पशुवैद्य. लघवी बंद : त्याच घटकेला.
> • माणसांची प्रतिजैविके आणि वेदनाशामके कधीही आपल्या मनाने देऊ नयेत.

खडा निघाल्यानंतरची जबाबदारी

शस्त्रक्रिया यशस्वी होऊन प्राणी पुन्हा चरू लागला, की घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो, आणि तो योग्यही आहे. परंतु शस्त्रक्रियेने खडा काढला जातो, शरीराची रीत बदलत नाही. आतडे पूर्वीप्रमाणेच कॅल्शियम आत घेत राहते, मूत्रपिंडे ते मूत्रात सोडत राहतात. म्हणून एकदा खडा झालेल्या प्राण्यात तो पुन्हा होण्याचा संभव मोठा असतो. काढलेला खडा फेकून न देता प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, आणि पशुवैद्य सांगेल त्या मुदतीने क्ष-किरणांचे चित्र पुन्हा काढून खातरजमा करून घ्यावी. बारीक अवस्थेत कळलेला खडा काढणे सोपे असते. मोठा झालेला खडा काढणे तेवढे सोपे नसते.

घरच्या घरी करण्याजोगे सर्वांत मोलाचे काम म्हणजे एक साधी नोंदवही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्राण्याचे वजन करून ग्रॅममध्ये तारीखवार लिहावे; शेजारी डागाचे स्वरूप, पाण्याची बाटली किती रिती झाली, आणि खाण्यात काही बदल असल्यास तो, एवढा तपशील टिपावा. आठवड्यात ५० ग्रॅमहून अधिक घट दिसली, तर बाह्यतः प्राणी ठीक वाटत असला तरी त्याला दाखवून आणावे. तो आपले दुखणे स्वतः सांगत नाही आणि डोळ्यांना ते उशिरा दिसते; काट्यावरचा आकडा मात्र ते पुष्कळ आधी सांगतो. पशुवैद्यापुढे ही वही ठेवली म्हणजे त्याला अंदाजाने चाचपडावे लागत नाही, औषध वेळेवर सुरू होते, आणि एका मुक्या प्राण्याला पुष्कळशा वेदना सोसाव्याच लागत नाहीत.